नागपूरला जाताना आमदारांनी काय न्यावं?



८ डिसेंबर २०२५ पासून नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं. कामकाज जेमतेम आठवडाभराचं. विधानसभेत आमदार २८८. शोकप्रस्ताव, पुरवणी मागण्या, विधेयकं आणि गोंधळ वजा केला तर एका आमदाराला बोलायला किती मिनिटं मिळतील, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. म्हणून आपला आमदार तिकडं काय घेऊन जातो, त्यात पहिलं काय आणि दुसरं काय, याला किंमत आहे. आज हरभऱ्याच्या नोंदी बाजूला ठेवून यावरच लिहितो.

नागपूरला वर्षातून एक अधिवेशन होतं ते १९५३ च्या नागपूर करारामुळं. आपण त्याला विदर्भाचं अधिवेशन म्हणतो, पण त्या करारात मराठवाडाही होता. मागास भागाचं म्हणणं सरकारनं तिकडं येऊन ऐकावं, हा त्यामागचा हेतू. त्यामुळं आम्हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचाही या आठवड्यावर तेवढाच हक्क आहे.

मागच्या आठवड्यात आमचे आमदार साहेब सर्कलमध्ये आले होते. "अधिवेशनात काय मांडू ते लिहून द्या," म्हणाले. त्यांनी स्वतःहून पाच विषय सांगितले: कर्जमाफी, सोयाबीनचा भाव, पीक विमा, दिवसा वीज आणि पाणंद रस्ते. विषय बरोबर आहेत. पण त्यांच्या हातात जो निवेदनांचा गठ्ठा पडला, त्यात निम्म्याहून जास्त मागण्या सभामंडप, हायमास्ट आणि पंचवीस-पंधराच्या सिमेंट रस्त्याच्या होत्या. ही कामं वाईट नाहीत, पण त्यासाठी नागपूरला जायची गरज नाही. वर्षाला पाच कोटींचा आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन आहे. सभागृहातली मिनिटं त्या कामांसाठी खर्च करायची, की जी गोष्ट सभागृहाशिवाय हलत नाही तिच्यासाठी? मला जी चाळणी वाटते ती एकच: हा विषय राज्याच्या हातात आहे का, आणि आत्ताच विचारला तर पुढच्या खरिपाआधी काही बदलेल का?

सोयाबीनच्या भावाचंच घ्या. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता. तो केंद्र ठरवतं. आयात शुल्क केंद्राचं. खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत, हा निकषही केंद्राचा. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, पण तोवर गरजवंतांचा बराच माल व्यापाऱ्याकडं गेलेला होता. मग आमदारानं भावावर बोलूच नये का? बोलावं, पण राज्याच्या हातात असलेल्या भागावर. तालुक्यात खरेदी केंद्रं किती, ती कोणत्या तारखेला सुरू झाली, बारदाना कधी आला, नोंदणी केलेल्यांपैकी किती जणांचा काटा झाला, पैसे किती दिवसांत जमा झाले. याची उत्तरं पणन खात्याच्या मंत्र्यांना द्यावी लागतात. "भाव वाढवा" एवढंच म्हटलं की मंत्री म्हणणार, केंद्राकडं पाठपुरावा करतो. विषय संपला.

आता विमा. माझ्या मते यंदाच्या यादीत हा पहिला असावा. थोडं सविस्तर सांगतो, कारण गावात अजून बऱ्याच जणांना काय बदललंय ते माहीत नाही.

२०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. बोगस अर्ज सापडले, नसलेल्या फळबागांवर आणि सरकारी जमिनींवर विमे उतरवलेले निघाले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. आता शेतकरी हिस्सा खरिपाला २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. पैसे भरायला माझी तक्रार नाही. खरी गोष्ट वेगळीच आहे. पेरणी न होणं, हंगामाच्या मध्यात पीक जाणं, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान, हे चारही आधार राज्यानं २०२५ मध्ये काढून टाकले. उरला फक्त पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळात दहा-बारा ठिकाणी प्रयोग होणार, काही पिकांत त्याला उपग्रहावरच्या अंदाजाची जोड मिळणार, त्यातून मंडळाचं सरासरी उत्पादन निघणार. ते उंबरठा उत्पादनापेक्षा कमी आलं तर अख्ख्या मंडळाला भरपाई, नाहीतर कुणालाच नाही.

याचा अर्थ माझ्या शेतात काय होतो ते पाहा. माझं पाच एकर सोयाबीन ओढ्याच्या कडेला. सप्टेंबरच्या पावसात ओढा पात्र सोडून रानात शिरला आणि शेंगा भरलेलं पीक तीन दिवस पाण्याखाली राहिलं. पाणी ओसरलं तेव्हा शेंगेतच कोंब फुटले होते. मळणी केली ती रान मोकळं करायला. माल निघाला तो डागी, काळा. त्याच मंडळात वरच्या अंगाला, माळाच्या निचऱ्याच्या जमिनीत मात्र पीक बऱ्यापैकी आलं.

आता समजा, मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १,२०० किलो आहे आणि प्रयोगात सरासरी ९०० आली. घट २५ टक्के. संरक्षित रक्कम ५०,००० धरली तर हेक्टरी १२,५०० रुपये मिळतील, मलाही आणि माळावरच्यालाही. पण सरासरी १,२१० आली तर मला शून्य, माझ्या रानात एक पोतं झालं नसलं तरी. आधीच्या वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरात, अशाच पाण्यानंतर मी ७२ तासांत तक्रार नोंदवली होती. सर्व्हे झाला, पैसे उशिरा आणि कमी आले, पण आले. २०२५ च्या खरिपात तक्रार नोंदवायची सोयच नव्हती.

आमच्या ओळखीचे एक कृषी अधिकारी आहेत. त्यांचं म्हणणं उलट आहे, आणि तेही ऐकण्यासारखं आहे. ते म्हणतात, "दादा, लाखो तक्रारींचा सर्व्हे करायला माणसंच नसतात. बांधावर बसून टक्केवारी लिहिली जायची. कापणी प्रयोगात निदान वजनकाटा तरी असतो." खरं आहे. दुष्काळात, खंड पडल्यावर, रोग सगळीकडं आल्यावर मंडळाची सरासरी न्याय देते. पण पूर मंडळ बघून येत नाही, तो ओढा बघून येतो. गारपिटीचंही तसंच. म्हणून माझी मागणी चारही आधार परत आणा अशी नाही. दोन आणा: स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान. ठिकाणाची नोंद असलेला फोटो, गावाचा पंचनामा आणि मंडळातल्या पर्जन्यमापकाची आकडेवारी, हे तिन्ही जुळलं तरच दावा मंजूर करा. बोगसगिरी आपोआप कमी होईल. आणि कापणी प्रयोग कुठल्या गटात झाला, किती किलो आले, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

हे जादा आधार घ्यायचे की नाही हे राज्य ठरवतं, म्हणून हा प्रश्न विधानसभेतलाच आहे. शिवाय केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक आपत्तीत धरता येईल. रानडुकरं आणि रोह्यांनी हैराण झालेल्यांना यात मोठा दिलासा आहे. पण राज्यानं स्थानिक आपत्तीचा आधारच घेतला नाही, तर त्याचा फायदा कसा मिळणार? पुढच्या खरिपाचा शासन निर्णय निघायच्या आत हे विचारलं गेलं पाहिजे. नंतर विचारून उपयोग नाही.

एक खुलासा. अतिवृष्टीचं अनुदान आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुदान कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, २०२५ मध्ये तीन हेक्टरपर्यंत, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वेगळे हेक्टरी १०,००० जाहीर झाले. माझ्या दोन हेक्टरांचे सगळे धरून ३७,०००. सोयाबीनला एकरी खर्च १८,००० झाला होता, म्हणजे पाच एकरांचे ९०,०००. अनुदान हा हातभार आहे. नुकसान भरून निघायचं असेल तर विमाच लागतो.

दुसरा विषय खरडून गेलेल्या जमिनीचा. हा आमदार साहेबांच्या पाचात नव्हता, पण असायला हवा. शेजारच्या काकांच्या दीड एकरात आता माती नाही, नुसता मुरूम आणि गोटे आहेत. सरकारनं अशा जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम जाहीर केलंय. घोषणा चांगली आहे. पण रोहयोचं काम म्हणजे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मस्टर. गाळाची माती उन्हाळ्यातच आणून पसरता येते. मे संपला की वर्ष गेलं. म्हणून प्रश्न असा पाहिजे: आमच्या तालुक्यात खरडलेलं क्षेत्र किती, अंदाजपत्रकं किती झाली, मान्यता किती मिळाल्या, आणि माती कुठल्या तलावातून देणार?

विजेबद्दल थोडक्यात. साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ आहे, पण हरभऱ्याला पाणी द्यायला अजून रात्रीच जावं लागतं. सौर कृषी वाहिनीत आपल्या तालुक्यातले कोणते फीडर कोणत्या तारखेला दिवसा येणार, त्याची नावासकट यादी मागावी. कर्जमाफीबद्दल सरकारनं २०२५ मध्ये ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं होतं, समितीही नेमली होती. तिथं नुसत्या घोषणाबाजीपेक्षा एवढं विचारावं की थकबाकीची तारीख कोणती धरणार, आणि नियमित फेडणाऱ्याचं काय.

आता कसं विचारायचं ते. तारांकित प्रश्नाची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, त्यामुळं अधिवेशन तोंडावर आलं की ती वाट बंदच समजा. लक्षवेधी देता येते, औचित्याचा मुद्दा मांडता येतो, पुरवणी मागण्यांवर आणि शेतीवरच्या चर्चेत बोलता येतं. पण उत्तर कसं येतं ते माहीत असू द्या. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर जुनी प्रश्नोत्तरं वाचायला मिळतात. "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही", "कार्यवाही सुरू आहे", अशी कितीतरी. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येतं. गाव, गट, तारीख, आकडा घातला की खात्याला खालून माहिती मागवावीच लागते, आणि ती मागवली गेली की तहसीलमध्ये पडून असलेली फाईल निदान एकदा तरी उघडते. मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटलं तर ते आश्वासन ठरतं, त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. "तपासून पाहू" म्हटलं तर हाती काही लागत नाही. त्या दोन शब्दांतल्या फरकासाठी आमदाराला उपप्रश्न विचारता आला पाहिजे, आणि उपप्रश्नाला लागणारी माहिती त्याला आपणच द्यायची आहे. त्याच्या स्वीय सहायकाला आपल्या ओढ्याचं नाव माहीत नसतं.

म्हणून मी दिलेलं निवेदन एका पानाचं आहे. पहिली मागणी विम्यातले दोन आधार, दुसरी खरडलेल्या जमिनीची. सोबत मंडळाचं नाव, पाणी शिरलेल्या तारखा, बाधित गटांची यादी आणि फोटो. सभामंडपाचं एक अक्षर नाही. गावातल्या दोघा-तिघांना ते रुचलं नाही. "मंदिराचं राहिलं की भाऊ," म्हणाले. मी म्हटलं, मंदिराचं मार्चमध्ये बघू, पुढच्या पेरणीचं आत्ता बघू.

तुम्हीही देऊ शकता. आमदार तुमचा कुठल्याही पक्षाचा असो, सत्तेतला असो की विरोधातला, लक्षवेधी दोघांनाही देता येते. एक पान, दोन मागण्या, जास्त नको. आणि तुमच्या मंडळात सोयाबीनचे कापणी प्रयोग कुठल्या गावांत झाले, तेव्हा शेतकरी हजर होता का, किती किलो निघाले, हे माहीत असेल तर खाली लिहा. कृषी खात्यातले मित्रही लिहा, नाव नको असेल तर मेसेज करा. मंडळवार यादी झाली की इथंच टाकतो. ज्याला आपल्या आमदाराकडं न्यायची असेल त्यानं न्यावी.

हरभऱ्याची उगवण बरी आहे. ओढ्याकडच्या पट्ट्यात वापसा उशिरा आला, तिथली पेरणी पंधरा दिवस मागं आहे. मर रोगाबद्दल पुढच्या नोंदीत लिहितो.