इंडिया फुटबॉल भी खेलता?

मालेगाव म्हटलं की तुमच्या डोक्यात काय येतं? पॉवरलूम. 2006 आणि 2008 चे बॉम्बस्फोट. आणि 2025 मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ बघितला असेल, तर इथलं सिनेमाचं वेड. ठीक आहे. मला मात्र मालेगाव म्हटलं की आठवते आपली फुटबॉल टीम. हो, फुटबॉल! इंडियाची टीम. आहे आपल्याकडे, आणि गेली पंधरा वर्षं मी तिचा फॅन आहे. लागण मालेगावातच झाली.

आधी गावाची ओळख. मुंबई-आग्रा हायवेवर, नाशिकच्या पुढे शंभरेक किलोमीटर. रेल्वे नाही, मनमाडला उतरायचं आणि एसटी पकडायची. मोसम नदी गावाचे दोन भाग करते. अलीकडे कॅम्प, म्हणजे आम्ही. पलीकडे जुनं गाव, नारोशंकर राजेबहादूरांचा भुईकोट किल्ला, किदवाई रोड आणि रात्रंदिवस खटखटणारे लूम. मध्ये पूल. चालत गेलं तर दहा मिनिटं, पण कॅम्पात अशी कितीतरी घरं आहेत, जी कामाशिवाय तो पूल ओलांडत नाहीत.

मी ओलांडला तो एका मित्रामुळे. आठवीत इंग्लिशच्या क्लासला तो माझ्या शेजारी बसायचा. नाव छापू नको म्हणालाय, म्हणून आपण त्याला ‘गोली’ म्हणू, कारण ग्राउंडवर तो कायम गोलकीपर. अब्बांचे बारा लूम. (कोल्हापूरकरांनी लगेच कॉलर टाइट करू नये. तुमच्याकडे तालमींच्या टीम्स आहेत, तुमचा अनिकेत जाधव 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप खेळला. आमचं फुटबॉल म्हणजे क्रिकेटवाल्यांनी उरवलेल्या जागेत, चपलांचे गोलपोस्ट करून.)

जानेवारी 2011 मध्ये दोहाला एशियन कप झाला. 1984 नंतर इंडिया पहिल्यांदाच तिथे पोचली होती. ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहरीनकडून 2-5, साउथ कोरियाकडून 1-4. तीन मॅचेस, तेरा गोल खाल्ले, आणि एक अख्खा हाफ लोडशेडिंगनं खाल्ला. पण गोलीला हीरो सापडला, गोलकीपर सुब्रत पाल. कोरियाविरुद्ध त्यानं इतके शॉट्स अडवले, की पुढचे दोन आठवडे गोली ग्राउंडवर फक्त डाइव्ह मारत होता. बॉल नसतानाही. दोन्ही गुडघे सोललेले.

त्याच वर्षी 2 एप्रिलला धोनीनं तो सिक्स मारला आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना फटाके वाजले. मी गच्चीवरून बघितलेत. हे मुद्दाम लिहितोय. कारण पुण्यात नवीन कोणी भेटलं आणि मी गावाचं नाव सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘‘मालेगाव? मग पाकिस्तान जिंकलं की तुमच्याकडे...?’’ आणि डोळा मारतात. मला विचारतात तो जोक असतो. गोलीला विचारतात तेव्हा नसतो. कापडाच्या ऑर्डरसाठी तो क्रिकेट मॅचच्या दिवशी मुंबईला गेला, की घरातूनच इंडियाचा टी-शर्ट घालून निघतो. कुणी विचारायच्या आत उत्तर अंगावर!

फुटबॉलमध्ये ही कटकट नाही. इंडिया हरली तर कोणी त्याच्या तोंडाकडे बघत नाही. बघायला कोणी असतंच कुठे? तो म्हणतो, ‘‘इधर आदमी आराम से रो सकता यार.’’

मी मासकॉमसाठी मुंबईत होतो तेव्हाची गोष्ट. 1 जून 2018, इंटरकॉन्टिनेंटल कपची पहिली मॅच, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनामध्ये. वार शुक्रवार, म्हणजे मालेगावचे लूम बंद, म्हणून गोली येऊ शकला. रमजान चालू होता. पहाटे सहेरी करून एसटीनं मनमाड, तिथून ट्रेननं दादर, मग लोकलनं अंधेरी, आणि हे सगळं जूनच्या उकाड्यात, घोटभर पाण्याशिवाय. स्टँडमध्ये बसून त्यानं मोबाइलवर वेळ बघितली, खिशातून खजुराची पुडी काढली, एक मला दिला आणि रोजा सोडला. आजूबाजूला रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या. आठ वाजता मॅच सुरू झाली. चायनीज तैपेईचा 5-0 नं धुव्वा, सुनील छेत्रीची हॅटट्रिक! अधिकृत आकडा 2569 प्रेक्षक. त्यातले दोन आम्ही.

दुसऱ्या दिवशी छेत्रीनं तो व्हिडिओ टाकला. हवं तर शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या, असं कॅप्टन हात जोडून सांगत होता. आणि 4 जूनला चमत्कार झाला. छेत्रीची शंभरावी मॅच, धो धो पाऊस आणि स्टेडियम हाऊसफुल्ल. केनियाला 3-0 हरवलं. गोली नव्हता, सोमवार होता ना. मी हाफटाइमला त्याला फोन लावला, गर्दीचा आवाज ऐकवायला. माझ्याकडून गर्दी, त्याच्याकडून लूमची खटखट. कोणालाच काही ऐकू आलं नाही.

खरं सांगू? मला शुक्रवारचीच मॅच जास्त आवडते.

14 जानेवारी 2019 ची रात्र मात्र मालेगावातच काढली. घरी भोगीची भाजी-भाकरी खाऊन मी पुलापलीकडे गेलो. एशियन कप, शारजा, समोर बहरीन. आधी थायलंडला 4-1 हरवलं होतं, यूएईकडून 0-2 हरलो होतो. आता नुसता ड्रॉ झाला तरी पुढच्या राउंडची दारं उघडणार होती. चहाच्या हॉटेलात आम्ही दोघं. मालकाला पटवून पिक्चर बंद करायला लावला. थोड्या वेळानं नाइट शिफ्टचे लोक चहाला आले, केसांत कापसाचे तंतू.

‘‘कौन खेल रहा?’’

‘‘इंडिया.’’

‘‘इंडिया फुटबॉल भी खेलता?’’

पण कोणी उठलं नाही. सेकंड हाफला निम्मं हॉटेल भरलेलं, बशीतला चहा बशीतच. गुरप्रीत बॉल अडवतोय आणि एक चाचा टेबलावर हात आपटतायत. नव्वद मिनिटं झाली, 0-0. आणि 91 व्या मिनिटाला पेनल्टी. गोल. संपलं.

मालकानं पिक्चर परत लावला. चाचांनी उठता उठता गोलीला विचारलं, ‘‘फिर कब है?’’

‘‘चार साल बाद.’’

‘‘इत्ता लंबा?’’

झाली पाच. कोविडमुळे चीननं यजमानपद सोडलं आणि स्पर्धा जानेवारी 2024 मध्ये कतारला गेली. तिथे आपल्या तीन मॅचेस, तीन पराभव, गोल शून्य. त्यानंतर 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूर. छांगतेनं आधी गोल मारला, तरी 1-2 हरलो आणि 2027 च्या सौदीतल्या एशियन कपचं तिकीटच गेलं. निवृत्त होऊन परत आलेला छेत्रीही काही करू शकला नाही.

त्या रात्री मी पुण्यात होतो. ऑफिसेसमध्ये दिवाळीच्या सुट्टीची गडबड, कोणाला पत्ता नव्हता. साडेअकराला गोलीचा फोन आला. मागे लूम चालू होते, म्हणून ओरडून बोलत होता.

‘‘अगला एशियन कप 2031 को ना? तब अपनी उमर क्या रहेगी?’’

‘‘चौतीस.’’

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘चलेगा. देख ले, शुक्रवार की मॅच होएगी तो बोल.’’