फियाट, मेबॅक आणि मामीच्या मिरच्या

दसऱ्याला कोल्हापूरला गेलात तर मिसळ आणि तांबडा-पांढरा तर होणारच. पण यावेळी एक दिवस जुन्या गाड्यांसाठी राखून ठेवा. एक राजाची, एक माझ्या मामाची आणि एक थेट लंडनची!

कोल्हापुरात माझ्या मामाच्या घरामागे एक फियाट उभी आहे. १९७४ चं मॉडेल. क्रीम कलर (मूळचा!), १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला आणि हॉर्न असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा रस्ता सोडतात. आजोबांनी ती सेकंडहॅण्ड घेतली आणि त्यांच्यामागे ती मामाकडे आली. आमच्या खानदानातली निम्मी लग्नं या गाडीनं लावली आहेत. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मामाचा फोन आला. "गिऱ्हाईक आलंय फियाटला. पुण्याचं हाय. शेवटचं बसून जा म्हटलं तुला."

फ्रीलान्सर असण्याचा एकच फायदा असतो, रजा कुणाकडे मागावी लागत नाही. रात्रीची महालक्ष्मी पकडली आणि सकाळी कोल्हापुरात.

राजाची गाडी

कोल्हापूरचा शाही दसरा एकदा तरी बघायलाच हवा. दसरा चौकात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. अंबाबाईची पालखी येते, तुळजाभवानीची येते, गुरुमहाराजांची येते. पोरं बापाच्या खांद्यावर, म्हाताऱ्या बायका मिळेल त्या पायरीवर आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. कारण आता 'ती' येणार असते. मेबॅक!

हो, तीच मेबॅक. आज मर्सिडीजच्या सगळ्यात महागड्या गाड्यांवर जे नाव झळकतं, ती मूळची जर्मन कंपनी. झेपेलिन नावाच्या अजस्र हवाई जहाजांची इंजिनं बनवायची. १९२१ मध्ये ती मोटारींमध्ये उतरली आणि दुसऱ्या महायुद्धात तिचं मोटारी बनवणं थांबलं. म्हणजे जेमतेम २० वर्षांचा खेळ. त्यातली एक गाडी राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारी आली आणि इथलीच झाली. छत्रपती सीमोल्लंघनाला तिच्यातून येतात. गाडी अगदी सावकाश पुढे सरकते, हजारो मोबाइल एकदम वर जातात आणि मग आपट्याचं सोनं लुटायला एकच झुंबड उडते.

माझ्या शेजारी एक आजी होत्या. मी विचारलं, "आजी, दरवर्षी येता?" त्या म्हणाल्या, "येतो की. गाडी बघितल्याबिगर दसरा झाल्यागत वाटत नाही." कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, 'मी येतो, मी जातो'. मुंबईतून गेलं की पहिले दोन तास गंमत वाटते, मग आपणही तसंच बोलायला लागतो.

या शहराचं यंत्राशी एक वेगळंच नातं आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच परदेशी कॅमेरा बघून स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० मध्ये. १९२९ साली 'प्रभात' सुरू झाली तीही इथेच. पुण्याला ती गेली नंतर, १९३३ मध्ये. आणि आजही उद्यमनगरच्या गल्ल्यांतून फिरलात तर लेथचा आवाज ऐकू येतो. पार्ट मिळत नसेल तर 'बनवून घेऊ की' हे इथलं उत्तर. मामाही याच गल्ल्यांमध्ये वाढलेला. त्याच्या फियाटमध्ये कुठला पार्ट कंपनीचा आणि कुठला उद्यमनगरचा, हे तोच सांगू जाणे.

लंडनची गाडी

रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. मामासाठी मुद्दाम एक पिक्चर आणला होता. 'जेनेव्हिव', १९५३ चा ब्रिटिश कॉमेडी. नाव हिरॉइनचं नाही बरं का, गाडीचं आहे! १९०४ ची डॅरॅक नावाची फ्रेंच गाडी, म्हणून तिला नाव दिलंय पॅरिसच्या रक्षणकर्त्या संत बाईंचं.

इंग्लंडमध्ये दर नोव्हेंबरात लंडन ते ब्रायटन अशी जुन्या गाड्यांची एक यात्रा निघते. यात्राच ती, कारण कुणी पहिला-दुसरा येत नाही, पोचलं की झालं. अंतर साधारण १०० किलोमीटर. अट एकच, गाडी १९०५ च्या आधीची हवी. याचं मूळ आहे १४ नोव्हेंबर १८९६ मध्ये. त्या वर्षी कायदा बदलला आणि मोटारींना ताशी १४ मैल वेगानं पळायची परवानगी मिळाली. त्या आनंदात मंडळी गाड्या घेऊन ब्रायटनच्या समुद्रावर गेली. आता १४ मैल म्हणजे किती? तर पुण्यात संध्याकाळी सहाला आपण जेवढे पळतो, त्याहून थोडं जास्तच!

पिक्चरमधला ॲलन हा तरुण वकील. त्याची बायको वेंडी. दरवर्षी नवऱ्याच्या या खटाऱ्यात बसून थंडी-पावसात ब्रायटनला जायचं, हा तिच्या संसाराचा नियम. ॲलनचा दोस्त ॲम्ब्रोज, त्याच्याकडे स्पायकर नावाची दुसरी जुनी गाडी. त्याच्याबरोबर एक मॉडेल मैत्रीण आणि तिचा भलामोठा कुत्रा. ब्रायटनला पोचेपर्यंत दोघं मित्र भांडतात आणि पैज लागते. परत जाताना वेस्टमिन्स्टर पूल जो आधी ओलांडेल त्याला १०० पौंड. मग काय, एकमेकांच्या गाड्यांची खोडी काढणं, रस्ते चुकवणं, पोलीस, फुल्ल धमाल. लॅरी ॲडलरचं माउथ ऑर्गन मागे वाजत असतं आणि आपण हसत असतो.

सगळ्यात भारी किस्सा म्हणजे शूटिंग सुरू झालं तेव्हा ॲलन झालेल्या जॉन ग्रेगसनला गाडी चालवताच येत नव्हती! हे सांगितल्यावर मामा इतका हसला की चहा सांडला.

मामी आधी भाजी निवडत लांबून बघत होती. वेंडीनं पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या आणि मामी खुर्ची ओढून पुढे आली. "बघा," ती मामाला म्हणाली, "तिकडंबी हेच." तिचं म्हणणं साधं होतं. घरामागचा उन्हाचा एकमेव चौकोन या गाडीनं अडवलाय. दर उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या वाळवायच्या तर आधी गाडी ढकला, मग मिरच्या पसरा, संध्याकाळी मिरच्या उचला, परत गाडी ढकला. लग्न झाल्यापासून हेच. पुण्याचं गिऱ्हाईक म्हणजे तिच्यासाठी देवानं पाठवलेला माणूस!

शेवट सांगून टाकते, सत्तरी ओलांडलेल्या पिक्चरला कसला आलाय स्पॉयलर? परतीच्या रेसमध्ये ऐन मोक्याला एक म्हातारे गृहस्थ ॲलनची गाडी बघून थांबतात. तरुणपणी त्यांच्याकडेही अशीच डॅरॅक होती. त्यांना बोलायचं असतं, आठवणी सांगायच्या असतात. आणि इकडे प्रत्येक मिनिटाला १०० पौंड हातातून निसटत असतात. ॲलन चुळबुळतो, पण थांबतो. पुलाच्या तोंडाशी गाडी बंदच पडते. आणि मग ब्रेक सुटून ती आपली आपणच घरंगळत पुलावर जाते! ॲम्ब्रोजचं चाक ट्रामच्या रुळात अडकलेलं, तो भलतीकडेच निघालेला.

मामा म्हणाला, "गाडीला कळतं."

आपल्याकडे १९५८ मध्ये असे दोन पिक्चर आले. 'चलती का नाम गाडी'मध्ये किशोरकुमार आणि त्याच्या दोन भावांचं गॅरेज, त्यांची १९२८ ची शेवरोले आणि रात्री पावसात बंद पडलेली मधुबालाची गाडी. बंद पडली नसती तर स्टोरीच नसती! आणि त्याच वर्षी बंगालीत ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक'. त्यातला बिमल आपल्या खटारा टॅक्सीशी माणसासारखा बोलतो. ती शेवटी भंगारात जाते. तेवढं मी मामाला सांगितलं नाही.

मामाची गाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं जाहीर केलं, "आपलं ब्रायटन पन्हाळा." वीसेक किलोमीटर, वर घाट. मामी म्हणाली, "मी बी येतो. शेवटचंच हाय न्हवं." आणि पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी, ठेचा आणि एक जुना पंचा भरला.

पंचगंगेवरचा पूल ओलांडला की शहर एकदम संपतं आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. फियाटमध्ये एसी नाही, काचा उतरवायच्या. मग उसाचा ओला वास, गुऱ्हाळाच्या गप्पा, रस्त्यावरच्या माणसांचे आवाज, सगळं आत येतं. आपल्या रोजच्या कॅबमध्ये असं काही येतं का आत? आपण काचा लावून, इअरफोन लावून बसतो आणि पोचल्यावर ड्रायव्हरचा चेहराही आठवत नाही.

वाघबीळपर्यंत राणी मस्त चालली. तिथून रत्नागिरीचा रस्ता सरळ जातो आणि पन्हाळ्याचा वर वळतो. चढ लागला आणि दोन वळणं गेल्यावर तिनं दोन आचके दिले आणि गप्प.

मामा बॉनेट उघडेपर्यंत मामी खाली उतरली होती. पिशवीतून पंचा काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि कुणी काही न सांगता पेट्रोल पंपावर बरोबर गुंडाळला. इंजिनशेजारचा तो छोटा पंप हो! जुन्या फियाटचं हे दुखणं प्रसिद्ध आहे. चढावर इंजिन तापलं की पंपात, पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. उपाय एकच. ओलं फडकं आणि वीस मिनिटं धीर.

"मामी, तुम्हाला येतं हे सगळं?"

"चाळीस वर्षं करतोय," ती म्हणाली. "ह्यांना कुठं सुचतंय येळंला."

त्या वीस मिनिटांत काय काय झालं! बाइकवरची तीन कॉलेजची पोरं थांबली, "काका, फोटो काढू का?" एक कुटुंब इनोव्हा बाजूला घेऊन उतरलं, त्यातल्या बाबांना गाडीत नुसतं बसायचं होतं. ते बसले, गिअरचा दांडा हलवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मामीनं सगळ्यांना भाकरी वाटली. मध्ये मामाचा फोन वाजला. पुण्याचा नंबर. मामा नुसता बघत राहिला, उचलला नाही.

पंप गार झाला, पण तोवर बॅटरीनं मान टाकली होती. मग पोरांनी, इनोव्हावाल्या बाबांनी आणि मी धक्का मारला. मामानं सेकंड टाकून क्लच सोडला आणि गाडी खोकत-खाकरत सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विचार करा, नवी कोरी गाडी स्टार्ट झाली म्हणून कुणी टाळ्या वाजवल्यात कधी?

वर पन्हाळ्यावर सज्जा कोठीतून खालचं खोरं बघत झुणका-भाकर खाल्ली. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळाही आहे. मामा म्हणाला, "किल्ल्याला जपतेत. गाडीला कोण जपणार?"

कायदा काय म्हणतो?

तसा कायदा आहे. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जुना नंबर ठेवता येतो. मामाची फियाट बसते त्यात. पण गोम अशी की मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढंच. म्हणजे मामीला घेऊन पन्हाळ्याला जाणं बाद! आणि साधी नोंदणीच पुढे चालू ठेवावी तर २० वर्षांहून जुन्या कारची नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये दुप्पट होऊन १०,००० रुपये झाली. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी तर २०२३ च्या ऑक्टोबरात गेलीच.

तिसऱ्या दिवशी पुण्याचं गिऱ्हाईक आलं. माझ्याच वयाचा, सभ्य, हसरा मुलगा. किंमतही चांगली देत होता. मामानं एकच विचारलं, "चालवणार काय?"

"नाही नाही, काका. कॅफे आहे माझा. इंजिन काढून टाकायचं, आत टेबल बसवायचं, दोघांसाठी. लोक सेल्फी काढतील. एकदम रेट्रो!"

खरं सांगू? मी त्या कॅफेत गेले असते. तिथे बसून कॉफीही प्यायले असते आणि फोटोही टाकला असता, 'नॉस्टॅल्जिया' वगैरे लिहून. पण आदल्या दिवशी मी तिला धक्का मारला होता. जुन्या गाडीची मजा ती दिसते कशी यात नसतेच. ती बंद पडते आणि माणसं गोळा होतात, यात असते. जेनेव्हिव आणि तिची ती स्पायकर आज नेदरलँड्समध्ये द हेगच्या लाउमन म्युझियममध्ये सुखात आहेत. पण आपल्याला त्या आठवतात कशा? रस्त्यावर, रुसून बसलेल्या.

मामा गप्पच होता. हिशेब तर त्यालाही कळत होता. तेवढ्यात आतून चहा घेऊन मामी आली. तिनं मुलाच्या हातात कप दिला, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "इंजिन काढायचं असंल तर ऱ्हाऊ दे, बाळा. मिरच्या मी गच्चीवर वाळवतो."