शाल, श्रीफळ आणि पाच पायऱ्या

परवा आपल्या गावात दहावी पास झालेल्या दिव्यांग मुलांचा सत्कार झाला. बातमीसाठी मीही होतो. कार्यक्रम चांगलाच. पण स्टेजला पाच पायऱ्या, रॅम्प नाही. व्हीलचेअरवरच्या मुलीला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. टाळ्या कडाडल्या, मोबाईल वर झाले. मीही फोटो काढला. मथळा डोक्यात तयारच होता: 'अपंगत्वावर मात करून...'

नंतर प्रतिक्रिया विचारली तर म्हणाली, "काका, उचलताना पडेन अशी भीती वाटत होती. सत्कार खालीच केला असता तर?"

वीस वर्षं हाच मथळा लिहितोय मी. लाज वाटली. मार्क तिनं अभ्यास करून मिळवले. मात करावी लागते ती आपल्या पायऱ्यांवर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारतींमध्येही अशी सोय करायला पाच वर्षांची मुदत होती. ती पाच वर्षं 2022 मध्येच सरली.

तो फोटो मी छापला नाही. तिचे मार्क छापले.

मंडळी, पुढच्या वेळी शाल-श्रीफळाची ऑर्डर देण्याआधी हॉलला रॅम्प आहे का ते बघा. नसेल तर सत्कार स्टेजखाली करा. कौतुक काही कमी होणार नाही.