झोपेंत हात बधिर कां होतो?

गेल्या वार्षिक परीक्षेच्या दिवसांतील ही गोष्ट. रात्रीं उशिरापर्यंत उत्तरपत्रिका तपासून आम्ही अंथरुणावर पडलों. पहाटेस तीनच्या सुमारास जाग आली, तों उजवा हात आपला नाहींच असें वाटलें. डाव्या हातानें तो उचलून पाहिला, ओंडक्यासारखा जड! पहिला विचार मनांत आला तो अर्धांगवायूचा. हात झटकतांच मुंग्या आल्या व तो हळूहळू पूर्ववत् झाला. परंतु पुढें हा प्रकार रोजच होऊं लागला, आणि एके दिवशीं फळ्यावर लिहितांना खडू बोटांतून गळून पडला. मुलें हंसलीं, आम्हीही हंसलों. मात्र ज्या हातावर आमची भाकर अवलंबून, त्याची चिंता आम्हीं कोणासही सांगितली नाहीं.

अखेर घरच्या मंडळींच्या आग्रहास्तव डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, "मास्तर, बोटें कोणतीं बधिर होतात?" आम्हांस उत्तर देतां येईना! वर्षानुवर्षें मुलांस 'नीट निरीक्षण करा' असें बजावणारे आम्ही स्वतःचीं पांच बोटें पाहावयास विसरलों होतों. "आज रात्रीं पाहून या," एवढेंच ते म्हणाले.

त्या रात्रीं पाहिलें. अंगठा, तर्जनी, मधलें बोट व अनामिकेची अंगठ्याकडील बाजू बधिर. करंगळी मात्र शुद्धीवर! दुसरे दिवशीं डॉक्टरांनीं आमचे दोन्ही पंजे पाठीस पाठ लावून मनगटें खालीं दुमडून धरावयास सांगितलीं. मिनिटभरांत त्याच बोटांस मुंग्या आल्या. फॅलेन ह्या अमेरिकन शल्यवैद्याच्या नांवानें ही परीक्षा ओळखली जाते.

कारण असें : मनगटांतील ८ लहान हाडें व तळव्याकडील एक चिवट आडवा पट्टा यांच्यामध्यें अरुंद बोगदा असतो. त्यांतून बोटें मिटविणाऱ्या ९ कंडरा व एक मज्जातंतु जातो. झोपेंत मनगट दुमडलें कीं, बोगद्यांतील दाब वाढतो, मज्जातंतु चेपतो, आणि ज्या बोटांची वार्ता तो मेंदूस कळवितो तीं बधिर होतात. 'हाताचें रक्त थांबलें' असें आपण म्हणतों. परंतु बहुधा खरें कारण मज्जातंतूवरील दाब हेंच असतें. करंगळी बधिर होत असेल, तर तिचा मज्जातंतु निराळा. तो बहुतकरून कोपराशीं चेपतो.

उपायही साधा निघाला. मनगट सरळ धरणारा पट्टा रात्रीं बांधून निजावयाचें. कांहीं आठवड्यांत आमचा हात सुधारला. कोपराचा त्रास असणाऱ्यांनीं कोपराभोवतीं टॉवेल सैल गुंडाळावा, म्हणजे तो फार दुमडत नाहीं. हात उशीखालीं अथवा डोक्याखालीं घेऊन निजूं नये. मधुमेह, थायरॉइडचा विकार व ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेंही हात बधिर होतात, म्हणून त्रास टिकल्यास तपासणी करावी. मात्र एकाएकीं एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वांकडें झालें वा बोलणें अडखळलें, तर क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें.

ही हकीकत आम्हीं वसतिगृहांत भाकऱ्या करणाऱ्या बाईंस सहज सांगितली. त्या म्हणाल्या, "मास्तर, माझे हात तर पांच वर्षं असेच झोपतात. म्हटलं, कामाचे हात, चालायचंच." त्यांनीं तळहात पुढें केला. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा झिजून तेथें खळगा पडला होता. पुढें त्यांच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, रात्रीची झोप परत आली. परंतु अंगठ्यांतील गेलेली शक्ति पुरती परतली नाहीं.

आम्ही भिऊन गप्प राहिलों, त्या सोसून गप्प राहिल्या. त्यांच्या हातची भाकर आम्ही कित्येक वर्षें खात होतों. पण ते हात कसे आहेत, हें एकदांही विचारलें नाहीं. बालमित्रहो, आज घरीं गेल्यावर आपल्या आईस एवढाच प्रश्न करा : "आई, रात्रीं तुझे हात बधिर होतात का?" आणि 'होतात' म्हणाली, तर कोणतीं बोटें, तें विचारावयास विसरूं नका.