काळ्या मातीसाठी जुनी फोर-बाय-फोर

नांदेड-लातूर रस्ता आता चांगला झाला आहे. तुळजापूरहून बुटीबोरीकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येतो आणि त्यावर कुठलीही छोटी कार पळते. खरी अडचण महामार्ग सोडल्यावर सुरू होते. कंधार तालुक्यात आमची शेतवस्ती डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. मध्ये पाणंद, पाणंदीत ओढा, आणि दोन्ही बाजूंना काळी माती. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि चपलेला, चाकाला, बैलाच्या खुराला किलोकिलोने चिकटते.

वस्तीवर थोरले भाईजान, भाभी आणि अब्बा राहतात. अब्बांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा नांदेडला होते. मागच्या पावसाळ्यात चार वेळा त्यांना ट्रॅक्टरवर बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागले. सुई टोचून सुजलेला हात छातीशी धरून बसलेले अब्बा काही बोलत नसत, पण भाभी सांगत होत्या की आदल्या रात्री ते झोपत नाहीत, आभाळाकडे पाहत बसतात.

म्हणून या वर्षी चारही चाकांना ओढ मिळणारी गाडी घ्यायचे घरात ठरले. नवी परवडणारी नव्हती आणि व्याजाचे कर्ज अब्बांना मान्य नाही. भाईजानच्या सोयाबीनचे आणि माझ्या बचतीचे मिळून जे रोख जमले, त्यातच बसवायचे होते. रोखीने जुनी गाडी घेणाऱ्याला दुसरी संधी नसते. ती फसली तर पैसे गेले आणि पावसाळाही गेला.

आपल्याकडे उंच, चौकोनी गाडी दिसली की लोक तिला जीप म्हणतात आणि जीप म्हटली की ती चिखलातून निघणारच असे धरून चालतात. गावोगावी दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो मात्र फक्त मागच्या दोन चाकांवर चालतात. फोर-बाय-फोर बोलेरो निघाली, पण थोडी. थारचेही तेच. नव्या रूपातली थार २०२० साली आली, आणि २०२३ पासून तीही केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारात मिळू लागली. त्यामुळे मागे चिकटवलेल्या ४×४ च्या अक्षरांवर जाऊ नका, ती बाजारात सुटी विकत मिळतात. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा किंवा समोर बटण आहे का, आणि गाडीखाली वाकल्यावर पुढच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट दिसतो का, एवढे आधी पाहा.

जीपचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगतो, मुलांना वर्गातही सांगतो. या गाड्या बनवणारी महिंद्रा कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.

गाडी बघायला भाईजान, मी आणि गॅरेजवाले उस्ताद असे तिघे निघालो. उस्तादांना एक दिवसाची मजुरी दिली. गाडी घेताना केलेला सगळ्यात स्वस्त खर्च हाच. लोह्याच्या पुढे माळेगाव लागते, जिथे खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. शिरूर ताजबंदहून उदगीरकडे वळले की हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार. हा मुलूख लाल कंधारी आणि देवणी जनावरांचा. इथला शेतकरी बैल घेताना दात मोजतो, चालवून पाहतो, खूर उचलून पाहतो. तोच माणूस गाडी घेताना रंग आणि म्युझिक सिस्टीम पाहून भुलतो, याचे मला नेहमी नवल वाटते. उस्ताद वाटेतच म्हणाले, "गाडी को ऊपर से नक्को देखो सरजी, नीचे से देखो."

पहिली गाडी पाहिली ती फार देखणी होती. रुंद टायर, पुढे लोखंडी बंपर, वर दिव्यांची रांग. आरसीवर मात्र वेगळाच रंग आणि वेगळीच बॉडी लिहिलेली. अशा सजवलेल्या जीपगाड्यांसाठी हरियाणातील मंडी डबवाली देशभर प्रसिद्ध आहे, पण नोंदणीत आहे त्यापेक्षा गाडी मुळातून बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करू शकते. चासीवर नंबर कोरलेला असतो तिथे ताजा रंग दिसला, तेव्हा उस्तादांनी हात पुसले आणि सरळ चहा मागवला.

दुसऱ्या गाडीत दोष सापडला तो तेलात. उस्तादांनी पुढच्या डिफरेन्शलचा बोल्ट ढिला केला, तर आतून दुधाळ चहासारखे तेल आले. म्हणजे आत पाणी गेलेले, गाडी कधीतरी खोल पाण्यात उभी राहिलेली. मालक म्हणाला, "तेल बदलून देतो." पाण्याने खाल्लेली बेअरिंग तेल बदलून परत येत नाहीत.

तिसरी उदगीरजवळ मिळाली. साधी पांढरी फोर-बाय-फोर बोलेरो, एकाच मालकाची. इथे उस्तादांनी सगळे क्रमाने केले, ते सांगतो.

इंजिन सकाळचे थंड असतानाच पाहायचे. मालकाने आधीच सुरू करून ठेवले असेल तर बंद करून दोन तास थांबायचे. सुरू होताना थोडा धूर चालतो, पण निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते. मग चालू इंजिनवर तेलाचे झाकण उघडायचे. आतून जोरात वाफेचे झटके येत असतील तर पिस्टनच्या रिंग गेल्या. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, कारण मोठ्या-लहान टायरवर फोर-व्हील टाकली की आतले गिअर एकमेकांशी भांडतात. पुढच्या चाकांमागचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, चासीवर वेल्डिंगचे टाके नाहीत ना, मागच्या पाट्यांत तुटके पान नाही ना, हे जमिनीवर पाठ टेकवूनच कळते.

फोर-व्हीलची चाचणी डांबरावर घेऊ नका. या गाड्यांत पुढचा आणि मागचा एक्सल एकत्र बांधला जातो. कोरड्या, कडक रस्त्यावर वळताना त्याला सैल व्हायला जागा मिळत नाही आणि काहीतरी तुटते. आम्ही नांगरलेल्या रानात गेलो. आधी फोर-एच, मग गाडी थांबवून फोर-एल. पहिल्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवर न ठेवता, गाडी ढेकळांतून मुंगीसारखी चढली पाहिजे. ती चढली. मात्र चढावर जोर दिला तेव्हा क्लच घसरत होता. मालकाने हे आधीच सांगितले होते. डाव्या पुढच्या हबमधून तेल झिरपते, हेही त्यानेच दाखवले. ऐब सांगून विकणारा माणूस भेटला की भाव करायला जीभ जड होते. तरी क्लचचा आणि ऑइल सीलचा खर्च धरून आम्ही भाव केलाच. त्यालाही ते रास्त वाटले.

जिप्सी किंवा पहिली थार का नाही, असे मित्र विचारतात. जिप्सी हलकी, चिखलात फार चपळ. २०१० ची पहिली थारही मजबूत. फोर्सच्या गुरखाला तर दोन्ही एक्सलना लॉक मिळते, अडकायचे नावच नाही. पण जिप्सी आणि जुनी थार दोन दारांच्या, मागे आडवी बाकडी. डायलिसिस करून थकलेला माणूस तिथे कसा बसवणार? गाडी घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा चढवून, बसवून, उतरवून पाहा. आम्ही अम्मींनाही बसवले. त्यांनी पायरी हवी म्हणून सांगितले, ती लावून घेतली. डोंगरात हिंडायचे असेल, किनवट-माहूरकडच्या घाटवाटांवर जायचे असेल, तर निवड वेगळी होईल.

राहिला ओढण्याचा प्रश्न. भाईजानच्या मनात होते की उन्हाळ्यात याच गाडीला पाण्याची टाकी जोडू. पाण्याची धास्ती आमच्या भागात खोल आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होते. पण एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशेब मी त्यांना पाटीवर लिहून दाखवला. ५,००० लिटरचा टँकर म्हणजे पाच टन नुसते पाणी. वरून टँकरचे लोखंड. ते ट्रॅक्टरचेच काम. बोलेरो ओढून नेईलही कदाचित, पण उतारावर मागचे वजन तिला ढकलेल आणि ब्रेक पुरणार नाहीत. छोटी ट्रॉली ओढायची तरी वजनाची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत पाहा, आणि ट्रॉलीची नोंदणीही वेगळी लागते. घासून चमकणारा, वाकलेला हुक असलेली जुनी गाडी दिसली तर ती आयुष्यभर टोचन ओढत आली आहे असे समजा आणि क्लच व मागचे एक्सल नीट तपासा.

कागदांत आळस करू नका. गाडी लातूरची, एमएच-२४, आणि आम्ही नांदेडचे, एमएच-२६. म्हणून लातूर कार्यालयाची ना-हरकत, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आणि गाडीवर कर्ज होते ते फिटल्याचा ३५ नंबरचा फॉर्म, हे सगळे हातात आल्यावरच उरलेली रक्कम दिली. देगलूर-बिलोलीकडे तेलंगणाच्या आणि उदगीरकडे बिदरच्या गाड्या स्वस्त सांगितल्या जातात. परराज्यातली गाडी इथे आणली की रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो धरला की स्वस्ताई उरत नाही. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी असेल तर फेरनोंदणीचा खर्चही आधीच विचारा.

क्लच बदलला, चारही ठिकाणची तेले बदलली, आणि रस्त्याचे गुळगुळीत टायर काढून खोल नक्षीचे बसवले. काळ्या मातीत गुळगुळीत टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की चारही चाके जागेवरच फिरतात, मग फोर-बाय-फोर असून उपयोग नाही. उस्तादांनी भाईजानला बजावले आहे की ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर महिन्यातून एकदा तरी फोर-एच टाकून दोनशे पावले गाडी चालवायची, पाऊस असो वा नसो. नाहीतर गरजेच्या दिवशी ती जाम होऊन बसते.