घर : १ ट्यूब

आमच्या गावात आप्पांच्या दुकानाला कुणी पाटीवरच्या नावानं ओळखत नसे. ‘स्टँडसमोरचं मेडिकल’ एवढं पुरे होतं. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रविवारी बाजार. त्या दिवशी काउंटरपुढे माणसं एकमेकांच्या खांद्यावरून हात पुढे करून औषधं मागायची. डॉक्टरची फी वाचावी म्हणून बहुतेक जण आधी आप्पांकडेच येत. ‘पोट दुखतंय, काय तरी द्या’, ‘पोराला खाज सुटलीय, बघा जरा’. आप्पा १९७८ साली डी. फार्म. झालेले. चष्मा कपाळावर सरकवून ते माणसाकडे बघायचे आणि मागे न वळता बरोबर त्या कप्प्यात हात घालायचे. लहानपणी मला ती जादू वाटायची.

माझ्या चेहऱ्यावर पहिली पुटकुळी आली ती नववीत, १९९९ साली. वर्षभरात कपाळ, गाल, हनुवटी सगळं भरलं. आमच्या भाषेत ह्या फोडांना आणि रस्त्यावर पसरायच्या तांबड्या खडीला एकच शब्द आहे, मुरूम. त्यामुळे वर्गातल्या मुलांना फार डोकं चालवावं लागलं नाही. मी दारातून आत आले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, ‘रस्त्याचं काम चालू आहे, मुरूम पडलाय.’ पुढे बेंगळुरूला आल्यावर कळलं, कन्नडमध्ये ह्यांना मोडवे म्हणतात. ऑफिसातली गुजराती मैत्रीण खील म्हणायची, म्हणजे खिळा. प्रत्येक भाषेत कुणीतरी मागच्या बाकावर बसलेलं असणार.

माझी त्वचा तेलकट. दुपारी बारा वाजता नाकावर बोट फिरवलं तर वहीच्या पानावर डाग पडायचा. आणि तरी नाजूक. लिंबू लावलं की जळजळ, मुलतानी माती वाळली की लाल चट्टे. तेल आहे म्हणजे मळ आहे, मळ आहे म्हणजे धुवायला हवं, असा घरातल्या सगळ्यांचा सरळ हिशोब. मी दिवसातून सहा वेळा साबणानं तोंड धूत होते. आजीनं मसुराचं पीठ झालं, साय-हळद झाली, जायफळ उगाळून झालं. शेवटी तिनं मळ्यातल्या काटेसावरीच्या खोडावरचे काटे आणले, सहाणेवर दुधात उगाळले आणि माझ्या गालावर बोटानं टिंबं लावली. ‘काट्यानं काटा निघतो,’ म्हणाली. पुढे कधीतरी वाचलं, की सुश्रुतसंहितेत ह्या व्याधीला मुखदूषिका म्हटलंय आणि तरुणांच्या तोंडावरच्या त्या पिटिकांना सावरीच्या काट्याचीच उपमा दिलीय. आजीनं सुश्रुत वाचला नव्हता. मुरुमं तिच्या काट्यानं गेली नाहीत, पण ती टिंबं लावताना तिचा हात फार हलका असायचा, एवढं आठवतं.

२००३ च्या मे महिन्यात दादाचं लग्न ठरलं. पाहुण्यांत, फोटोंत मी करवली म्हणून मिरवणार. लग्नाला दहा दिवस असताना मी रात्री गच्चीवर रडत बसले होते. आप्पा दुकान बंद करून आले, काही न बोलता शेजारी बसले आणि खिशातून एक छोटी ट्यूब काढून माझ्या हातात ठेवली. ‘रात्री लाव. पातळ. कुणाला सांगू नकोस, सगळ्या मैत्रिणी मागायला येतील.’

चौथ्या दिवशी माझा चेहरा साफ होता. लाली गेली, सूज बसली, रंगसुद्धा उजळला. लग्नाच्या अल्बममधली मी खरंच छान दिसते. कोण कुठली मावशी आईला म्हणाली, ‘हिचंपण उरकून टाका ह्याच मांडवात.’ आप्पा लांबून बघत होते. त्यांच्या तोंडावर तोच भाव होता, जो मागे न बघता बरोबर औषध काढल्यावर असायचा.

ती ट्यूब बीटामेथासोनची होती. स्टेरॉइड. इसब किंवा सोरायसिससारख्या आजारांत त्वचेचा दाह बसवणारं चांगलं औषध, पण डॉक्टरनं सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस. दाह बसतो म्हणून मुरूमही बसल्यासारखा वाटतो आणि रंग फिका होतो म्हणून गोरेपणाही येतो. आमच्या गावात तिला ‘गोरं व्हायची ट्यूब’ म्हणत. मी ती लावणं सोडलं की चार-पाच दिवसांत मुरुमं परत यायची, आधीपेक्षा जास्त. मग परत लावायची. सांगलीला कॉलेजात होते तेव्हा दर महिन्याला घरी येऊन एक घेऊन जायची. २००७ साली बेंगळुरूला नोकरी लागली, तेव्हा आप्पा लाडवांच्या डब्यात चार-चार ट्यूबा खोचून पाठवू लागले.

तेवढ्यात चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मी बदल मोजले नाहीत. उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं तरी गाल भाजायचे. नाकाशेजारी बारीक लाल रेषा दिसू लागल्या. जबड्यावर लव वाढली. फोडणी करताना वाफ आली तरी डोळ्यांखाली आग व्हायची. मी त्याला बेंगळुरूचं पाणी म्हणायची. जानेवारी २००९ मध्ये डबा यायला उशीर झाला. सहाव्या दिवशी सकाळी आरशात जे दिसलं, ते बघून मी ऑफिसला कळवलं की मला कांजिण्या झाल्यात.

त्वचारोगतज्ज्ञ बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. भिंगातून गाल बघत त्यांनी विचारलं, ‘काय लावता?’

‘काही नाही,’ मी म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते. घरून येतं ते औषध आहे, असं माझ्या मनातच नव्हतं. लाडवांबरोबर येतं ते.

‘काहीच नाही?’

‘एक घरचं मलम आहे.’

त्यांनी पर्समधून ट्यूब काढायला लावली, नाव वाचलं, आणि किती वर्षं, म्हणून विचारलं. सहा होत आली होती. मग त्यांनी विचारलं, ‘ही तुम्हाला दिली कुणी?’ मी म्हणाले, ‘मेडिकलवाल्यानं.’ वडील काय करतात, ह्या रकान्यात मी ‘व्यवसाय’ असं लिहिलं होतं.

माझ्यासारखे चेहरे त्या रोज बघत होत्या. भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला नाव दिलंय, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांत केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. बऱ्याच जणांनी ते गोरं होण्यासाठी किंवा मुरुमांसाठी लावलं होतं. मी त्या पाहणीत नव्हते. पण तो आकडा वाचताना मला एक ओळखीचं काउंटर दिसलं.

ट्यूब बंद केल्यावरचे तीन महिने वाईट गेले. रात्री गालांवर थंड पाण्याचा कपडा ठेवून झोपायचे. बाईंनी सुरुवातीला जवळजवळ काहीच दिलं नाही. फेस न होणारं सौम्य क्लेन्झर, दिवसातून दोनदाच. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. सनस्क्रीन. ‘तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला?’ मी विचारलं. त्यांनी कागदावर आकृती काढली. केसाच्या मुळाशी एक पिशवी, तिला चिकटलेली तैलग्रंथी. वयात येताना हार्मोन्समुळे तेल वाढतं, मृत पेशी नीट गळून न पडता तोंडाशी बूच बनवतात, आत जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी भांडतं, ते भांडण म्हणजे मुरूम. ब्लॅकहेडचं काळं टोक म्हणजे धूळ नव्हे, ते त्वचेचंच रंगद्रव्य हवा लागून काळं पडलेलं. ‘हे सगळं आत चाललंय. तुम्ही बाहेरून घासता. घासून फक्त भिंत पडते, चोर तसाच राहतो.’

त्वचा जरा सावरल्यावर अडॅपलीन आलं. मटारच्या दाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून, एक रात्र आड. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साल निघाली, फोड वाढल्यासारखे वाटले. त्यांनी आधीच बजावलं होतं, ‘बारा आठवड्यांच्या आत मला फोन करून गुण नाही म्हणू नका.’ नंतर दिलेल्या बेंझॉइल पेरॉक्साइडनं माझे तीन निळे अभ्रे पांढरे केले. लग्न, मूल ह्यांचा विचार असेल तर आधी सांगा, हेही त्यांनी बजावलं. मुरुमांवरच्या काही गोळ्या, विशेषतः आयसोट्रेटिनोइन, पोटातल्या बाळाला गंभीर इजा करतात. मला त्या लागल्या नाहीत. चार दिवसांत उजळलेला चेहरा मी एकदा पाहिला होता; हा दीड वर्षात, इंचाइंचानं आला. अजूनही तो पूर्ण साफ नाही. पाळीच्या आधी हनुवटीवर एक-दोन फोड येतात. उन्हात गाल अजून लाल होतात.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेले. आईनं ओवाळताना माझ्या गालाकडे बघितलं आणि ताम्हन जरा लवकर खाली ठेवलं. दुपारी मी दुकानात गेले. गर्दी नव्हती.

‘आप्पा, त्या ट्यूबनं झालं हे.’

‘ट्यूब बंद केलीस म्हणून झालं.’

‘नाही. लावली म्हणून.’

ते बराच वेळ बिलबुकाचा कार्बन सरळ करत बसले. मग म्हणाले, ‘अगं, मी दिली नाही तर समोरचा देतो. गिऱ्हाईक इथंतिथं जाणारच.’

‘मी गिऱ्हाईक नव्हते.’

त्यांनी उत्तर दिलं नाही. तेवढ्यात एक मुलगी आली, कॉलेजातली असावी, ओढणीनं अर्धा चेहरा झाकलेला. हळूच म्हणाली, ‘काका, ती ट्यूब.’ आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिला विचारलं, ‘चेहऱ्याला लावणार?’ ती हो म्हणाली. ‘चेहऱ्याला नाही मिळणार. साताऱ्याला सिव्हिलला चामडीच्या डॉक्टरांना दाखव.’ ती थोडा वेळ उभी राहिली. मग रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. आम्ही दोघांनी ती तिथून काहीतरी पर्समध्ये टाकताना पाहिली.

आप्पांनी कधी माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. त्यांना माहीत होतं का? ट्यूबबरोबरच्या बारीक अक्षरांच्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं, आणि ते औषधशास्त्र शिकलेले. पण मला वाटतं, ज्या माणसाकडे सगळं गाव विश्वासानं बघतं त्याला तो कागद वाचायची सवय राहत नाही. २०१८ साली सरकारनं चेहऱ्याला फासल्या जाणाऱ्या अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तेव्हा त्यांनी फोन करून मला सांगितलं, ‘आता समोरच्यालाही देता येणार नाही.’ आवाजात समाधान होतं. कायद्यानं खरंच थांबलं का, ते मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला बाजारातून हिंडताना मला तसे लाल गाल दिसलेच.

मागच्या वर्षी दादानं दुकानाचं फर्निचर नवं केलं. माळ्यावरची जुनी रद्दी खाली आली, त्यात उधारीच्या वह्या होत्या. आप्पा घरी लागणारी औषधंही फुकट आणत नसत. वहीत मांडून महिन्याच्या शेवटी स्वतःच्या खिशातून गल्ल्यात पैसे टाकत. मे २००३ पासून दर महिन्याला, त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत: ‘घर : १ ट्यूब’. मी फरशीवर बसून मोजत गेले. ६८ भरल्या. शेवटची नोंद डिसेंबर २००८ ची. पण त्याच पानांवर, वर-खाली, इतरही होत्या. पोस्टमनची मुलगी, १ ट्यूब. सुताराची सून, १ ट्यूब. शिंदेवाडीची मास्तरीण, २ ट्यूब. काहींच्या पुढे बाकी होती, काहींच्या पुढे ‘जमा’. त्यांतली एकही बेंगळुरूला गेली नव्हती. त्यांच्या ट्यूबा कधी थांबल्या ते वहीत दिसतं. कशा थांबल्या ते दिसत नाही. मी त्या वह्या रद्दीत जाऊ दिल्या नाहीत. त्यांचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. कपाटात आहेत.

दादाची मुलगी आता चौदा वर्षांची. ह्या मे महिन्यात तिच्या कपाळावर आले. तिनं मला फोटो पाठवला आणि लिहिलं, ‘आत्या, आजोबा म्हणतात तुला विचारायचं. ते काहीच देत नाहीयेत.’

मी तिला फोन केला. साबण बंद, दोनदाच तोंड धू, फोडायचे नाहीत, आणि साताऱ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, एवढं सांगितलं. तिनं विचारलं, ‘किती दिवसांत जातील?’

‘तीन महिने धर.’

‘एवढे?’

मागून आप्पांचा आवाज आला, ‘तिला सांग, लवकर गेले तर मला दाखव म्हणावं.’