उधारीची गिटार

काही वस्तू न बोलावता घरात येतात आणि मग पाहुण्यासारख्या चार दिवसांनी निघूनही जात नाहीत. आमच्याकडे गिटार आली ती अशीच. आमच्या घराण्यात वाद्य म्हणून जे काही होते ते देव्हाऱ्यातली घंटा आणि आषाढीला माळ्यावरून खाली येणारी टाळांची एक जोडी. वडिलांना भजनाचा नाद होता, पण तो ऐकण्यापुरता. मला तर तोही नव्हता. मी कोंबड्या पाळणारा माणूस.

आमचे नवापूर तुम्ही आगगाडीतून जाताना पाहिले असेल. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशन म्हणजे मोठी गंमत आहे. 1 मे 1960 रोजी दोन राज्ये वेगळी झाली तेव्हा सीमारेषा नेमकी फलाटावरून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात राहिली आणि स्टेशनमास्तर गुजरातेत गेला. बाहेरगावचे लोक फलाटावर एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. आम्हांला त्याचे काही वाटत नाही. आमची तूरडाळ, आमची अंडी, आमच्या सोयरिकी नेहमीच रेषा ओलांडत आल्या आहेत. सुरतेसारखे मोठे गिऱ्हाईक जवळ असल्यामुळेच नवापुरात इतकी कुक्कुटपालने उभी राहिली, आणि त्यांतच माझीही एक शेड उभी राहिली.

शेड दोनशे फूट लांब, आणि तीत साडेचार हजार पांढऱ्या कोंबड्या. ज्याने असली शेड पाहिली नाही त्याला तिच्या आवाजाची कल्पना येणार नाही. साडेचार हजार कोंबड्या आपापल्या परीने बोलत असतात आणि कोणीही कोणाचे ऐकत नसते. पहिल्या महिन्यात डोके दुखते. मग तो आवाज ऐकूच येईनासा होतो. पुढे असे होते की, तो आवाज जरा बदलला तर माणूस रात्री झोपेतून उठून बसतो. खाद्य संपले, पाणी अडले, साप शिरला, हे सगळे मला अंथरुणात पडल्यापडल्या कळत असे. सात वर्षे मी त्या आवाजाच्या उशीवर डोके ठेवून झोपलो.

2006 च्या जानेवारीअखेर गावातल्या शेडांमधून कोंबड्या मरू लागल्या. आम्ही म्हटले, रानीखेत असेल. हा रोग आमच्या ओळखीचा, त्याची लस ठरलेली. पण लस टोचूनही मर थांबेना. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि 18 फेब्रुवारीला बातमी आली की, हा बर्ड फ्लू आहे. भारतातली ही पहिलीच लागण. ज्या गावाचे नाव धुळे-सुरत रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते, ते रात्रीत देशभर झाले. असली कीर्ती शत्रूलाही न मिळो.

पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण लांबवून सांगण्याची माझी तयारी नाही. नखशिखांत झाकलेली माणसे आली. चेहऱ्याला मुखपट्ट्या, डोळ्यांना चष्मे. ती बिचारी आपले काम करीत होती आणि त्यांतल्या एकाचे हात थरथरत होते, हेही मी पाहिले. खड्डे खणले, चुना आला. कोंबड्या गेल्या, अंडी गेली, खाद्याची पोती गेली. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे जाळले, आणि त्या ट्रेंच्या थप्पीवर नेहमीच्या जागी ठेवलेली माझी उधारीची वहीही त्यांच्याबरोबर जळाली. संध्याकाळपर्यंत शेड मोकळी झाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. आवाज बदलला होता. म्हणजे आवाज नव्हताच. मी तीनदा उठून कंदील घेऊन शेडपर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. हिने काही विचारले नाही.

गावातल्या लोकांचे रक्त तपासले. माणसांत कोणालाही लागण झाली नव्हती. पण हे पटवायचे कोणाला? मालेगावच्या बाजूला माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचे लग्न होते. पत्रिका आली आणि मागोमाग फोनही आला की, एवढ्या लांबून उन्हातान्हाचे येण्याची दगदग करू नका. बँकेचा हप्ता मात्र वेळेवर मागायला आला. ज्यांचे मी देणे लागत होतो ते सगळे दारात उभे राहिले. जे माझे देणे लागत होते त्यांना वही जळाल्याची बातमी माझ्याआधी कळली असावी. ऑम्लेटच्या गाड्या बंद झाल्या आणि गाडीवाले कुठे गेले ते त्यांच्या शेजाऱ्यांनाही सांगता येईना. सरकारची भरपाई मिळाली, पण तीतून आधी खाद्यवाल्याचे भागवायचे की बँकेचे, या वादातच ती संपली.

अशा दिवसांत, चैत्रातल्या एका दुपारी, एक पोरगा काळीपिवळीतून उतरला आणि चादरीत गुंडाळलेले लांबोडके बोचके ओट्यावर ठेवून उभा राहिला. सोबत चिठ्ठी होती. अक्षर मोठे आणि सरळ, इस्पितळातल्या नोंदींसारखे. ‘भाऊ, तुमच्या अंड्यांचे 640 रुपये माझ्याकडे राहिले आहेत. आता रोख देणे जमणार नाही. त्याबदली हे ठेवून घ्या.’ खाली सही होती.

या सिस्टरबाई चिंचपाड्याकडच्या. मिशनच्या इस्पितळात तीस-बत्तीस वर्षे नर्स होत्या, निवृत्त होऊन भाचीकडे राहत होत्या. आठवड्याला दोन ट्रे अंडी नेत. घरात तिघे माणसे, आणि अंडी साठ! बाकीची कोणाच्या घरी जातात, हे मी कधी विचारले नाही. बाळंतिणी आणि खोकल्याने झिजलेली माणसे त्यांना ठाऊक असत.

चादर सोडली तर आत गिटार. पिवळसर लाकूड काळपट पडलेले, कडेचा रंग हाताने घासून गेलेला, सहा तारांपैकी दोन तुटलेल्या, एक गंजून वळलेली. पोटातल्या गोल भोकातून आत चिकटवलेला कागद दिसत होता. त्यावर कसरीने खाऊन उरलेला एकच शब्द वाचता येत होता, ‘कलकत्ता’.

खरे सांगतो, मला संताप आला. घरात तेलाचा डबा तळाला गेलेला आणि कोणी मला तंबोऱ्याचा भाऊ पाठवून देतो! मी हिला म्हणालो, “याच्यावर आता पोळ्या भाजायच्या का?” ही काही बोलली नाही. चादरीची घडी करून तिने ती त्या पोराच्या हातात दिली आणि त्याला ताक प्यायला लावले.

मी ठरवले, वाद्य विकून टाकायचे. वैशाखाच्या तोंडी सकाळच्या पॅसेंजरने सुरतेला गेलो. गिटार मांडीवर आडवी, आणि समोरचा गुजराथी शेठ दर पाच मिनिटांनी विचारतो, “वगाडो ने, भाई!” दुकानदाराने कुठून आलात असे विचारले तेव्हा मी “व्याऱ्याहून” म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या गावाचे नाव चोरले. त्याची लाज मला आजही वाटते, आणि त्या दुकानदाराला त्याची गंधवार्ताही नाही.

दुकानदार म्हातारा होता आणि त्याला घाई नव्हती. त्याने तारांखाली, मानेच्या टोकाशी बसवलेली पोलादाची एक लहानशी पट्टी मला दाखवली. तिच्यामुळे तारा लाकडापासून उंच उचललेल्या होत्या. म्हणाला, ही बोटांनी दाबून वाजवायची नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादाची कांडी सरकवून वाजवायची. हवाई बेटांवरची ही तऱ्हा. तिकडच्या जोसेफ केकुकू नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती काढली, आणि पुढे कलकत्त्यात तिचे एवढे वेड लागले की, घरोघर मुली सतार सोडून ही शिकू लागल्या. मला नवल वाटले. समुद्रापलीकडच्या बेटावरून कलकत्ता, कलकत्त्याहून चिंचपाडा! आमच्या अंड्यांनी कधी सुरतेपुढचा पल्ला गाठला नव्हता. ब्रिजभूषण काब्रांनी हीच आडवी गिटार रागदारीत आणली. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांची जी ध्वनिमुद्रिका निघाली, ती म्हाताऱ्याने मला तिथेच कॅसेटवर ऐकवली. मीड म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. एवढेच कळले की, यात सूर तुटत नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तो पायी चालत जातो.

“किती द्याल?” मी विचारले.

“चारशे.”

640 च्या उधारीचे चारशे! माझ्यातला व्यापारी खवळला. तुम्ही म्हणाल, संगीताने मन वळले. तसे काही झाले नाही. दोनशे चाळीस रुपयांचा तोटा मला सोसवेना म्हणून मी गिटार परत आणली, आणि वर तारांच्या जुडीचे पैसे देऊन आलो, तो मूर्खपणा वेगळाच.

कांडी मात्र महाग वाटली म्हणून घेतली नाही. घरी आल्यावर रानीखेतच्या लशीची काचेची एक रिकामी बाटली खिडकीत सापडली. ती तारेवर आडवी धरून सरकवली तर सूर निघाला. बाटली लहान, एका वेळी एकच तार सापडे. पण मला तरी सहा तारा कुठे झेपणार होत्या?

घरात वाजवायची लाज वाटे म्हणून मी शेडमध्ये जाऊन बसे. दोनशे फूट लांब रिकामी शेड, वर पत्रे. तार छेडली की, आवाज पार त्या टोकाला जाई आणि पत्र्यावरून परत येई. गाणे मला येत नव्हतेच. मी एकच सूर पुन्हा पुन्हा वर नेई आणि खाली आणी. फेब्रुवारीपासून त्या शेडमध्ये कोणी बोलले नव्हते. तिसऱ्या-चौथ्या रात्री लक्षात आले की, दारात ही येऊन बसली आहे, निवडायची तूर सुपात घेऊन. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगाही आला. महिनाभरात तो माझ्यापेक्षा बरा वाजवू लागला आणि मला बाटली मिळेनाशी झाली.

पाऊस लागण्याच्या सुमारास सिस्टरबाई स्वतः आल्या. शेडमध्ये खाटेवर बसून त्यांनी मुलाचे वाजवणे ऐकले. मग गिटार मांडीवर घेतली, काच बाजूला ठेवली आणि आपल्या पदराच्या गाठीतून पोलादाची गुळगुळीत कांडी काढली. मिशनच्या एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी मायदेशी परतताना हे वाद्य त्यांना दिले होते. मुलांच्या वॉर्डात रात्रपाळी असली की, त्या हळू आवाजात वाजवीत. “पोरं ताप उतरला नाही तरी झोपायची, भाऊ,” त्या म्हणाल्या. आता सांध्यांमुळे बोटे वळत नव्हती. त्यांनी चार-सहा सूर काढले आणि कांडी मुलाच्या हातात दिली.

निघताना विचारले, “माझी उधारी फिटली ना?”

“फिटली,” मी म्हणालो. चारशेचा हिशेब मी काढला नाही.

त्या गेल्यावर ही म्हणाली, “अहो, सिस्टरबाई उधार कधी नेत होत्या? त्या तर रुमालाच्या गाठीत मोजके पैसे बांधून आणायच्या.”

“वहीत असेल काही,” मी म्हणालो. पण वही कुठे होती? मी बराच वेळ आठवून पाहिले. बारा वर्षांपूर्वी मी परसात दोनशे कोंबड्यांवर धंदा मांडला तेव्हापासूनच्या त्या गिऱ्हाईक, आणि त्यांच्या नावाचे पान माझ्या डोळ्यांपुढे येईना. दुसऱ्या आठवड्यात चिंचपाड्याला जाऊन विचारावे असे ठरवले. गेलोही. त्यांनी चहा केला, पावसाचे विचारले, आणि मी विषय न काढताच परत आलो.

बंदी उठल्यावर नवी पिले आली, वाढली, अंडी देऊ लागली, आणि शेडमध्ये कोणाचेच कोणाला ऐकू येईनासे झाले. गिटार घरात खुंटीवर गेली. सिस्टरबाईंकडे आठवड्याला दोन ट्रे पुन्हा जाऊ लागले. त्यांच्या नावाचे पान मी नव्या वहीत पहिलेच उघडले होते. त्यावर काही लिहिण्याची वेळ त्यांनी अखेरपर्यंत येऊ दिली नाही. गेल्या त्याला आता बरीच वर्षे झाली.

2021 च्या फेब्रुवारीत नवापुरात तोच रोग पुन्हा आला. पुन्हा तीच झाकलेली माणसे, तेच खड्डे, तोच चुना. मुलगा सुरतेहून फोनवर म्हणाला, “बाबा, रात्री शेडकडे जाऊ नका.” आदल्या संध्याकाळी, अजून शेड भरलेली असताना, मी आत गेलो तर ही माझ्याआधी तिथे पोचली होती. ट्रेंच्या थप्पीवरची वही तिने उचलून पदराखाली घेतली होती.

“तेवढी खुंटीवरची खाली काढा,” ती म्हणाली. “आणि ती कांडी कुठे ठेवलीत, बघा.”